आईच्या खोलीची भिंत

९ जानेवारी

दादा,

सोमवारी सकाळी मी प्रार्थनाघराच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. कापडावर मारतो त्याच निळ्या खडूनं. झाडून झालं होतं, दिवा लावला होता, अजून कुणी आलं नव्हतं. तुझ्या घराकडच्या भिंतीवर ओलीचा डाग आहे. तो वाढतोय की मला नुसता भास होतोय, हे कळेना. म्हणून डागाच्या कडेकडेनं, बाहीचा घेर आखावा तशी रेघ काढत गेलो. देवाच्या घरात भिंतीवर रेघोट्या मारताना आधी जरा अवघडल्यासारखं झालं. पण माझा धंदा काय आहे हे त्याला माहीत आहे. आज पाहिलं तर डाग रेघेबाहेर बोटभर आलाय.

दोन वर्षांत मी तुला लिहिलं नाही आणि तूही मला लिहिलं नाहीस. खुशाली विचारत नाही, कारण वहिनींचा फोन आमच्याकडे अधूनमधून येतो आणि तो येतो हे तुला ठाऊक नाही, असं आम्ही सगळे धरून चालतो. तूही तसंच धरून चाल.

कामाचं लिहितो. आपल्या गल्लीतली घरं तुला मी समजावून सांगायची म्हणजे गंमतच आहे, तू गवंडी आणि मी शिंपी. तरी सांगतो, कारण हल्ली मी ती घरं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलोय. वर झऱ्याजवळ दळणाऱ्याचं घर, खाली प्रार्थनाघर, आणि मधली सगळी घरं उतारावर एकमेकांना टेकून उभी. दोन घरांत भिंत एकच. वरच्याची तुळई खालच्याच्या भिंतीत, खालच्याची कमान वरच्याच्या दगडावर. एक घर काढलं तर वरचं खाली बसेल आणि खालचं पुढे झुकेल. ज्यांनी बांधलं त्यांना हे ठाऊक होतं, म्हणूनच सामाईक भिंतीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हा रिवाज पडला असणार. खिळा मारायचा तरी आधी भिंतीवर ठोकायचं, पलीकडून ठोकल्याचा आवाज आला की मग हातोडी उचलायची. आला नाही तर चित्र जमिनीवरच. बेकरीवाल्या मावशींचं लग्नाचं चित्र वर्षभर खाटेखाली होतं, कारण शेजारची म्हातारी बहिरी होती.

तुझ्या भिंतीमागून आता कुणी ठोकत नाही. म्हणून पत्रानं ठोकतोय.

बाकी सगळ्यांचा सिमेंटचा गिलावा उतरवून झाला. माझ्या दुकानापासून सुरुवात केली, तेव्हा तू गावातच होतास. गेल्या पावसाळ्यात दुकानातल्या एकाही ताग्याला बुरशी धरली नाही. वरून एकेक घर कोरडं होत आलं आणि ओल खाली सरकत सरकत तुझ्या घरात येऊन थांबली. तुझ्या आणि प्रार्थनाघराच्या मधली भिंत, आईच्या खोलीतली, तेवढी राहिलीय. तिला तुझ्याकडून सिमेंट आहे, त्यामुळे पाणी पलीकडे प्रार्थनाघरात निघतं.

ती उतरवायला तुझा होकार हवाय. एवढंच.

तुझा भाऊ

२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं हे मात्र कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस.

तू रागावला असशील तर दोन वर्षांपूर्वीच्या त्या सभेतलं एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे दोघांच्या मनात तेच राहील. जुन्या वास्तूंच्या खात्याकडून त्या बाई आल्या होत्या. भिंतीला यंत्र लावून ओल मोजायच्या, म्हणून पोरांनी त्यांना तापबाई नाव ठेवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की चुन्यातल्या दगडावर सिमेंट चढवल्यामुळे पाणी आतच कोंडतंय. त्या तुझं नाव घेत नव्हत्या, त्यांना ते ठाऊकही नव्हतं. पण गल्लीतला प्रत्येक गिलावा तुझ्या हातचा, त्यामुळे सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले की आम्ही विश्वासानं काम दिलं होतं. हे त्यांचं खोटं होतं. सिमेंट तू कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतंस. आईची खोली बघून लोकच तुझ्या दारात रांग लावून उभे होते, अध्यक्ष सगळ्यांत पुढे, आणि आमच्याकडे शहरातल्यासारखं गुळगुळीत कर म्हणून हट्ट त्यांचाच. हे मी तेव्हा सभेत बोललो. तू ते ऐकलंस की नाही कोण जाणे, कारण त्यानंतरचं वाक्य तुला जास्त लागलं.

मी म्हणालो, "एका घराचा काढून बघू. माझ्यापासून सुरू करा."

तू उठलास आणि म्हणालास, "शिंप्यानं भिंतीच्या गोष्टीत तोंड घालू नये." पुढच्या महिन्यात घराला कुलूप घालून मुलाकडे गेलास.

त्या वाक्याबद्दल मी माफी मागणार नाही, दादा. मागण्यासारखं असतं तर कधीच मागितली असती, तुझ्यापुढे मला कसली लाज. काढून बघू म्हणालो, काढून बघितलं, आणि भिंती वाळल्या. बाईंना दोन तास जे समजावता आलं नाही ते माझ्या बायकोनं बेकरीच्या ओट्यावर एका दमात सांगितलं: घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालून वरपर्यंत गुंड्या लावल्या, मग अंगावर पुरळ उठलं की डॉक्टरला शिव्या. बाईंनी ते लिहून घेतलं.

गल्ली आता तुला ओळखू येणार नाही. मधले काही महिने सगळी घरं सोललेल्या बटाट्यासारखी दिसत होती. मग खालच्या आळीतल्या गवंड्यानं चुना चढवायला घेतला. चुना नवा असतो तेव्हा डोळ्यांवर येतो, पण एका पावसात निवतो आणि सगळी गल्ली मलमलीच्या एकाच ताग्यातून कापल्यासारखी दिसते. गिलाव्याखाली काय काय निघालं. बेकरीत एक कमानदार कोनाडा निघाला, कुणीतरी दिव्यासाठी केलेला, वर काजळी तशीच. मावशी त्यात फोन चार्जिंगला ठेवतात. दळणाऱ्याच्या घरी बुजवलेली खिडकी निघाली, ती थेट झऱ्यावर उघडते. त्याची बायको म्हणते की सून पाणी भरायला गेली की तिच्यावर नजर ठेवायला कुणा सासूनं पाडली असणार आणि सुनेनं बुजवली असणार. आणि अध्यक्षांच्या घरी, ज्यांचे पूर्वज गावातले सगळ्यांत मोठे म्हणून आपण लहानपणापासून ऐकतोय, तिथे दर्शनी दोन दगडांमागे नुसता फुटक्या मडक्यांचा भराव निघाला. अध्यक्षांनी त्यावर एका दिवसात चुना मारून घेतला. गाव अजून हसतंय.

तू असतास तर तूही हसला असतास. तुझं हसू सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

आईच्या खोलीचं मी विसरलेलो नाही. तिच्या अंथरुणावर जुन्या चुन्याची माती पडायची, ती रात्रीतून उठून चादर झटकायची. तू पहिल्यांदा सिमेंट आणलंस ते तिच्यासाठी. गिलावा ओला असताना त्यावर तारेनं रेघा ओढून दगडांची चौकट काढलीस, आणि ती ओल्या फडक्यानं भिंत पुसून येईल त्याला दाखवायची. हे मला माहीत असताना मी विचारतोय. माहीत आहे म्हणूनच विचारतोय.

तुझा भाऊ

१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच आहे, ओळंबा धरून लिहिल्यासारखं.

"भिंतीला हात लावलास तर मी तुझा भाऊ नाही."

मी ते दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. गिऱ्हाइकानं विचारलं, काही वाईट बातमी? म्हटलं, नाही, घरचं पत्र आहे. मग त्याच्या कोटाची बाही उलटी लावली आणि उसवत बसलो.

इकडचं सांगतो. प्रार्थनाघरात गेल्या आठवड्यात वरचा पोपडा सुटून पुढच्या बाकावर पडला. तिथे म्हातारी माणसं बसतात. त्या वेळी कुणी नव्हतं. बाईंना निरोप धाडला. त्या आल्या, शिडी लावून तुळईचं टोक बघितलं. मलाही वर चढवलं. भिंतीत जे टोक गेलंय तिथे त्यांनी माझ्या हातात एक दाभण दिला आणि दाबायला सांगितलं. दादा, तो लाकडात बोटभर आत गेला, जाड लोकरीत सुई जावी तसा. त्या तुळईवर अख्खं छप्पर आहे आणि तुझ्या घराचा माळाही तिच्याच आधारावर आहे.

बाई म्हणाल्या की टोकाला जोड देता येईल, लाकूडकाम त्या बघतील, पण भिंत ओली राहिली तर जोडही कुजेल. पावसाआधी भिंत वाळली तर प्रार्थनाघर टिकेल. नाही वाळली तर ते बंद करून टेकू लावायचे. त्यांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही. एवढं सांगून चहा घेतला आणि गेल्या.

अध्यक्षांनी मग बैठक घेतली. त्यांचं म्हणणं, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकू, प्रार्थना काय कुठेही होते. यावर बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, झोपही कुठेही येते, तुम्ही मागच्या बैठकीत घेतलीतच. पण हसून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझं कुलूप तोडायचं कुणाच्या मनात येत नाही. गवंडी म्हणाला की पलीकडून आवाज आल्याशिवाय मी छिन्नी लावणार नाही, माझ्या बापानंही लावली नसती. ते बरोबरच आहे. मग कुणीतरी म्हणालं, तू घरचा आहेस, तुझं तू ठरव.

मी उद्या सांगतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी काही सांगितलं नाही.

तुझं कार्ड घरात फक्त बायकोला दाखवलं. तिनं ते वाचून परत दिलं आणि विचारलं, "तुम्ही मोठ्या दादांकडे परवानगी मागताय की आशीर्वाद?"

मी म्हटलं दोन्ही.

"मग एकच मिळेल," ती म्हणाली. "आणि तोही मागाहून. पत्रं लिहून भिंत वाळत नाही."

तरी मी लिहितोय. तू ये, दादा. रागावून ये, पण ये. स्वतः हात लावून बघ. तुझा हात भिंतीवर ठेवलास की तुला माझ्यापेक्षा आणि बाईंपेक्षा जास्त कळेल, याची मला खात्री आहे. आणि बघून तू म्हणालास की नको, राहू दे, तर मी बाक हलवीन, दार बंद करीन आणि शेडमध्ये दिवा लावायला जाईन. न बघता म्हणालास तर मात्र ते मला मानता येणार नाही.

तुझा भाऊ

११ मार्च

दादा,

तू आला नाहीस. वहिनी म्हणाल्या, (आता लपवत नाही, तूही ओरडू नकोस त्यांना) की तू पत्र दोनदा वाचलंस आणि गच्चीवर जाऊन बसलास.

मी तुझं घर उघडलं. आईकडची किल्ली माझ्याकडेच आहे, ती तू कधी मागितली नाहीस. नुसती हवा खेळू द्यायला उघडलं, असं बायकोला सांगून गेलो. तिनं हातात झाडू दिला.

स्वयंपाकघर ठीक आहे. वहिनींची भांडी पालथी आहेत, त्यांवर धूळ. जिन्याखाली तुझ्या थाप्या कापडात गुंडाळलेल्या, गंजलेल्या नाहीत. मग आईच्या खोलीत गेलो.

भिंत बघून मी पलंगाच्या लाकडी कडेवर बसलो. खोटं सांगत नाही, ती अजून सुंदर आहे. इतकी वर्षं होऊनही तडा नाही. तू काढलेले दगड खऱ्यापेक्षा नीट आहेत, एकेक रेघ अशी की मला कात्री हातात घेऊनही तेवढं सरळ जाता येणार नाही. खिडकीजवळच्या एका चौकटीत तू मुद्दाम दगड थोडा वाकडा काढलायस, खरा वाटावा म्हणून. आई तिथेच बोट ठेवायची आणि म्हणायची, हा मात्र माझ्या थोरल्यानं चुकवला. तू चुकवला नव्हतास हे तिला कळत होतं. तुला चिडवायला म्हणायची.

बोटाच्या पेरानं ठोकत गेलो. कमरेपर्यंत भिंत पोकळ वाजते. गिलावा दगडाला धरून नाहीच, स्वतःच्या ताकदीवर उभा आहे. एवढं चांगलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्याच्यामागे भिंत कुजतेय. दोन्ही खरं आहे. तुला वाटतं की दुसरं मान्य केलं की पहिलं पुसलं जातं. मला तसं वाटत नाही. मी कितीतरी कोट असे शिवले की घालणाऱ्याला मिरवता आले, पण घालून दम लागायचा. कापड चुकीचं होतं. शिवण उत्तमच होती, आणि ते कोट मीच उसवले.

तिथून निघून प्रार्थनाघरात गेलो. भिंतीच्या या बाजूला बसलो. बराच वेळ बसलो. देवानं काही सांगितलं नाही. असल्या बाबतीत तो बोलत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर माणसानं भावाला नाही म्हणायचं आणि नाव देवाचं सांगायचं. मी मागितलं ते एवढंच की जे करीन ते रागानं करू नये. राग आहे का म्हणून मन चाचपून बघितलं. तुझ्या कार्डावर आहे थोडा. भिंतीवर नाही.

वाटेत मावशी भेटल्या. त्यांनी विचारलं, काय ठरलं? म्हटलं, ठरलंय, करायचं राहिलंय.

तुझा भाऊ

२४ मार्च

दादा,

तुझी भिंत उघडी केली.

आधी ठोकलं. घर रिकामं आहे हे ठाऊक असूनही ठोकलं आणि थांबलो, कारण न ठोकता आपल्या गल्लीत कुणी सुरुवात केलेली नाही. मग छिन्नी लावली. गवंडी दारात उभा होता. तो म्हणाला, सरका, तुम्हाला हे जमायचं नाही, आता तुम्ही सुरू केलंच आहे तर मी करतो. मी त्याला आत येऊ दिलं नाही. त्यानं केलं असतं तर तू उद्या म्हणाला असतास की परक्यानं फोडली. तो दारातूनच सांगत राहिला, छिन्नी आडवी धरा, खालून घ्या, बोट सांभाळा. बोट सांभाळलं गेलं नाही. डाव्या अंगठ्याचं नख काळं झालंय, आठवडाभर सुईत दोरा बायकोच ओवून देतेय आणि रोज नव्यानं हसतेय.

गिलावा मोठमोठ्या पत्र्यांसारखा सुटून आला, तुझ्या रेघांसकट. मागे दगड काळे पडले होते आणि सांध्यांतला चुना ओल्या पिठासारखा झाला होता. पहिला तुकडा निघाला तेव्हा तळघरासारखा वास आला आणि पाण्याची बारीक धार जमिनीवर उतरली. वाकडा दगड होता ती चौकट मी सगळ्यांत शेवटी काढली. ती जपून ठेवावी असं मनात आलं होतं. ठेवली नाही. ओल तिच्यामागेही होती.

आज सकाळी दिवा लावायला गेलो तर प्रार्थनाघराकडच्या बाजूनं भिंत वरून फिकट व्हायला लागलीय. बाई पुढच्या आठवड्यात तुळईला जोड द्यायला सुतार आणताहेत. शेडचा विषय अध्यक्षांनी काढला नाही, उलट शेडला आपला विरोधच होता असं ते आता सांगत फिरतात.

भिंतीला चुना चढवायचा आहे. गवंड्याला मी थांबायला सांगितलंय. आपल्या वडिलांकडून चुना तू शिकलास, सिमेंट नंतर आलं, हे या गल्लीत मला आणि तुला सोडून कुणाच्या लक्षात नाही. तुझ्या थाप्या जिन्याखाली आहेत. आलास तर तू चढव. पण मेअखेरपर्यंत आला नाहीस तर गवंडी चढवेल. आईची खोली असली तरी पाऊस भिंतीसाठी थांबणार नाही.

तुझं कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंस तसं तू वागलास तर मी गावाला तुझी समजूत घालायला पाठवणार नाही, वहिनींनाही मध्ये घालणार नाही. भाऊ नाही म्हणायचं तर तू म्हण. माझ्याकडून मी दादाच लिहिणार, पत्ता बदललास तरी शोधून लिहिणार.

फक्त एक गोष्ट कुणी तुला वेगळी सांगितली तर ऐकू नकोस. गल्लीनं माझ्यावर भार टाकला नव्हता, बाईंनी सांगितलं नव्हतं, बायकोनं भरीला घातलं नव्हतं. मी तुला चार पत्रांत विचारलं, तू नाही म्हणालास, आणि ते ऐकूनसुद्धा मी ती भिंत माझ्या हातानं, खालपासून वरपर्यंत, सगळी उघडी केली.

तुझा भाऊ